खादाडाचं दुसरं डोकं

कॅप्टन लुट्झने तांब्याचा पत्रा माझ्यासमोर ठेवला, हातमोजा काढला आणि पत्र्यावर कोरलेल्या माणसाच्या नाकावर बोट टेकवून म्हणाला, "हे डोकं काढून टाकायचं."

मी म्हटलं, "साहेब, डोकी काढणं हा तुमचा धंदा. कोरायचं काम माझा नवरा करतो, आणि त्याला तुम्हीच बुरुजात कोंडून ठेवलंय."

"म्हणून तर तुझ्याकडे आलो."

त्याला राग आला नाही. मला त्या माणसाची भीती वाटायची ती यामुळेच. त्याचा कर्नल ब्राखेल चिडला की ताटं फेकायचा, शिपाई चिडले की दारं फोडायचे. लुट्झ मात्र शिकलासवरलेला होता, आवाज कधी चढवायचा नाही. तो हळू बोलायला लागला की समोरच्याचं काहीतरी जाणार, हे ग्राउबाखमध्ये सगळ्यांना कळून चुकलं होतं.

आमच्या जर्मन मुलखात तेव्हा लढाई चालू होती. कोणाची कोणाशी, ते मला विचारू नका. ती सुरू झाली तेव्हा मी पाळण्यात होते आणि संपली तेव्हा माझे केस पिकायला लागले होते. मधल्या काळात कधी या राजाची फौज यायची, कधी त्या राजाची. देव आपल्याच बाजूने आहे याची दोघांनाही खात्री असायची आणि जेवायला दोघांनाही आमच्याकडेच हवं असायचं. ब्राखेलची फौज पानगळीत आली आणि ठाण मांडून बसली. शहराने वेशीचं दार उघडलं ते करार करून. लूट करायची नाही, जाळपोळ करायची नाही, आणि बियाण्याच्या कोठाराला नागरिकांनी भर चौकात हात वर करून परवानगी दिल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. कोठार सोडून बाकी सगळ्याला त्यांनी हात लावला. गाई गेल्या, डुकरं गेली, चर्चच्या घंटासुद्धा तोफा ओतायला गेल्या.

माझा नवरा कास्पर चित्रं कोरायचा. तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने रेघा पाडायच्या, त्यांत शाई भरायची, वरवरची शाई तळहाताने पुसून घ्यायची, मग ओला कागद ठेवून पत्रा आणि कागद दोन लाकडी लाटांमधून, म्हणजे जाड रुळांमधून, एकदम ओढून काढायचा. रेघांतली शाई कागदावर उठते. कोरणं त्याचं, शाई आणि लाटा माझ्या. माझा बापही हाच धंदा करायचा, त्यामुळे कोरणी मलाही चालवता येत होती.

त्या हिवाळ्यात कास्परने जे चित्र कोरलं त्याला लोक 'खादाड' म्हणायचे. टेबलाशी बसलेला एक अजस्र माणूस, गळ्याला फडकं बांधलेलं. समोरच्या ताटात आमचं अख्खं ग्राउबाख, वेशीसकट. काट्याला चर्चचा मनोरा टोचलेला, तोंडातून गाईचं शेपूट लोंबतंय. आणि चेहरा कर्नल ब्राखेलचा. अर्धी मिटलेली डावी पापणी, एकाच बाजूला वर वळवलेली मिशी, डोक्यावर तीन पिसांची रुंद टोपी. खाली चार ओळींचं गाणं होतं, पण वाचता न येणाऱ्यांनासुद्धा त्याची गरज पडायची नाही. तोंड उघडायची तेव्हा सोय नव्हती, म्हणून लोक चित्र घ्यायचे, कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचे आणि दिवसातून दोनदा कपाट उघडायचे.

कास्पर पकडला गेला तो स्वतःच्या हुशारीने. आमच्या घरात शिपाई उतरवलेले होते, तरी हा गडी ओले कागद माळ्यावर दोरीवर वाळत घालायचा. म्हणे, शिपाई माळ्यावर कशाला चढतील? शिपाई चढला. त्याला सदरा वाळत घालायचा होता.

"पत्रा सुरेख आहे," लुट्झ म्हणाला. "पोट तर फारच सुरेख. वाया घालवायला नको. या धडावर जनरल होरेनचं डोकं बसव. टक्कल, टोकदार दाढी, गळ्याशी चुण्यांची झालर. ओळखू आला पाहिजे."

होरेन म्हणजे पलीकडचा, शत्रूचा सेनापती. तो नदीपलीकडे कुठेतरी आमच्यासारखंच दुसरं गाव खात बसला होता.

"कशासाठी?"

"रविवारी चौकात नागरिक हात वर करणार आहेत. कोठारातला जव आम्ही सुरक्षित जागी हलवणार. का, तर होरेन येतोय आणि तो बियाणंसुद्धा खाईल. प्रत्येकाच्या हातात हा कागद असला की लोकांना पटायला सोपं जाईल." तो हसला. "तुझ्या नवऱ्याला आधी विचारलं. तो माझ्या बुटावर थुंकला. सोमवारी त्याला फाशी आहे. शनिवारी संध्याकाळी कागद माझ्या हातात पडले, की तो सुटला."

मी पत्र्याकडे बघत राहिले. एकदा कोठार उघडलं की जव कुठे जाणार ते शेंबड्या पोरालाही कळत होतं. शिपायांच्या पोटात आणि घोड्यांच्या. मग वसंतात पेरायला दाणा नाही, आणि पुढच्या हिवाळ्यात ग्राउबाख नाही.

"त्याला भेटू द्या," मी म्हटलं.

"भेट की. समजावून सांग."

बुरुजातल्या कोठडीत कास्पर भिंतीला टेकून बसला होता. ओठ फुटलेला, दाढी वाढलेली. मी भाकरी आणली होती, ती पहारेकऱ्याने अर्धी काढून घेतली होती. तो पहारेकरी दारातच उभा राहून ती खात होता.

"तू नाही म्हणालीस ना?" कास्परने पहिलं हेच विचारलं.

"नाही म्हटलेलं नाही."

त्याने भाकरी खाली ठेवली. "उर्सेल, त्या पत्र्यावर त्या दुसऱ्याचं डोकं बसवायचं म्हणजे आपणच लोकांना सांगायचं, द्या बियाणं. माझ्या हातचं चित्र दाखवून."

"आणि नाही बसवलं तर सोमवारी तू जाशील."

"जाईन."

"किती सोपं रे तुझं! तू एकदा मरणार आणि मी रोज."

"गावात पोरं आहेत. त्यांच्या तोंडचा घास काढून माझी मान सोडवायची? असली मान घेऊन मी कुठे फिरू?"

"मान तुझी असली तरी तिच्यावर माझाही थोडा हक्क आहे," मी म्हटलं. "मी काम करणार आहे, कास्पर."

आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात कधी पाहिलं नव्हतं असं त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर चाललं असतं. तो एखाद्या परक्या बाईकडे बघावं तसा बघत होता. मग त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"जा," तो म्हणाला. "आणि ती भाकरी घेऊन जा."

मी भाकरी तिथेच ठेवली. जिन्यात मला रडू आलं, ते मी तिथेच संपवलं. घरी जाऊन रडायचं नव्हतं, कारण घरी काम होतं.

तांब्यावरचं चित्र पुसता येतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. आमच्या धंद्यात ते नेहमीचंच. राजा मेला, नवा आला, की घोडा तोच, चिलखत तेच, फक्त डोकं बदलायचं. आधी रेघा खरवडायच्या, मग पोलादी गोट्याने घासून घासून तांबं गुळगुळीत करायचं. तिथे खळगा पडतो, म्हणून पत्रा पालथा घालून मागून हातोडीने ठोकून तो वर आणायचा. मग त्या कोऱ्या जागेत नवं डोकं.

लुट्झ स्टुलावर बसून सगळं बघायचा. काम त्याला कळत नव्हतं, पण नजर तीक्ष्ण होती. पत्रा खिडकीशी नेऊन तो तिरका धरायचा. "इथे पिसं दिसतायत अजून."

"दिसतायत," मी म्हणायचे आणि तेवढी जागा पुन्हा घासायचे.

होरेनचा चेहरा आमच्याकडच्या एका जुन्या चित्रात होता, तो समोर ठेवून कोरला. माझा हात कास्परसारखा नाही, हे मी आधीच सांगते. पण टक्कल कोरायला फार अक्कल लागत नाही. दाढी बरी जमली, झालर तर कास्परपेक्षा सरस जमली, हे मी आजही कोणासमोर म्हणेन.

पहिला कागद काढला तेव्हा मी तळहाताला खडूची पूड चोळली आणि पत्रा आरशासारखा स्वच्छ पुसला. कागद लुट्झच्या हातात दिला. त्याने तो खिडकीशी धरला, जवळून पाहिला, लांबून पाहिला. होरेन. नुसता होरेन.

"वा," तो म्हणाला. "कोण म्हणतं बायकांना कोरता येत नाही?"

"कोणी नाही म्हणत. काम देत नाहीत, एवढंच."

तो निघून गेला आणि पहाऱ्याला एक शिपाई ठेवून गेला. शिपाई शेकोटीपाशी पेंगायला लागला. मी खडूची वाटी फळीवर ठेवून दिली, पुढच्या प्रत्येक कागदाआधी पत्रा माझ्या पद्धतीने पुसला आणि निघालेले कागद वाळू न देता ओलेच एकावर एक रचत गेले. शनिवारपर्यंत लाटा ओढून ओढून माझे खांदे भरून आले होते.

संध्याकाळी लुट्झ गठ्ठा न्यायला आला तेव्हा मी त्याला अडवलं. "साहेब, कागद ओले आहेत. फळ्यांखाली दाबून नीट वाळवले पाहिजेत. आठवडा तरी द्या."

"उद्या रविवार आहे."

"ओला कागद लोकांच्या हातात देऊ नये. काम खराब दिसतं. आमच्या धंद्यात कोणी देत नाही."

"तुझा धंदा मला शिकवू नकोस," तो म्हणाला आणि शिपायांनी गठ्ठा उचलला. पत्राही उचलला.

"आणि कास्पर?"

लुट्झने हातमोजे चढवले. "उद्या आधी हात वर होऊ देत. मग सोडतो."

"तुम्ही शनिवार म्हणाला होता!"

"मी पुष्कळ काही म्हणतो."

तो गेल्यावर मी दाराला पाठ लावून उभी राहिले. माझा बेत असा होता की शनिवारी दिवस मावळायच्या आत कास्परचा हात धरून वेशीबाहेर पडायचं. रविवारी चौकात जे काही होईल ते आमच्या पाठीमागे होईल. आता कास्पर त्यांच्या हातात होता, कागदही त्यांच्या हातात होते, आणि परत फिरायला वाट उरलेली नव्हती. मी गाठोडं बांधून ठेवलं होतं, ते तसंच बांधलेलं राहू दिलं.

रविवारी प्रार्थना झाल्यावर सगळं गाव चौकात जमवलं. वेस बंद, चौकाच्या चारी तोंडांना शिपाई. कर्नल ब्राखेल नगरभवनाच्या सज्जात उभा होता, तीच तीन पिसांची टोपी घालून. खाली पायऱ्यांवर लुट्झ. आणि त्याच्या बाजूला, हात बांधलेला, कास्पर. लोकांनी बघावं म्हणून त्याला मुद्दाम उभं केलं होतं. बंडखोराच्याच पत्र्यावर आता कोणाचं डोकं आलंय पाहा, असं त्यांना दाखवायचं होतं.

शिपायांनी कागद वाटले. लोकांनी पाहिलं, होरेनला ओळखलं आणि माझ्याकडे वळून पाहिलं. ग्राउबाखमध्ये दुसरं कोरणारं कोणी नव्हतं. माझ्या शेजारी भट्टीवाली वाल्बुर्गामावशी उभी होती. लहानपणापासून मी तिच्याकडचा पाव खाल्लेला. ती माझ्यापासून एक पाऊल लांब सरकली.

"नवऱ्यासाठी केलंस, समजतं मला," ती दातओठ खात म्हणाली. "पण माझ्या चार नातवंडांचं काय ते सांग."

"मावशी, कागद उन्हात धर," मी म्हटलं.

"आं?"

"ओला आहे. उन्हात धर जरा."

नगराध्यक्ष बोलायला उभा राहिला. भित्रा माणूस, आणि भित्री माणसं फार लांबण लावतात. देवाची कृपा, कर्नलसाहेबांची कृपा, होरेनचं राक्षसी पोट, सगळं त्याने सावकाश सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच मला त्याचं भाषण संपू नये असं वाटत होतं. तेवढ्यात ऊन धान्यबाजाराच्या छपरावरून खाली चौकात उतरलं. हिवाळा सरत आला होता, उन्हाला चटका होता.

आता सांगते. पत्रा घासताना मी ब्राखेलच्या रेघा मुळापर्यंत घासल्या नव्हत्या. लुट्झला दिसतील तेवढ्या घालवल्या होत्या, पण तांब्यात त्यांचा माग ठेवला होता. बोटालाही लागणार नाही इतका उथळ. खडू लावून पुसलं तर त्यातली शाई निघून जाते. खडूशिवाय, हलक्या हाताने पुसलं तर तिथे शाईचा नुसता वास म्हणावा इतका अंश राहतो. ओला कागद मळकट असतो, त्यात ही फिकट रेघ दिसत नाही. कागद वाळून पांढरा झाला की ती वर येते. लुट्झकडे वाळवायला आठवडा मागितला तो त्याने देऊ नये म्हणूनच.

वाल्बुर्गामावशीची नजर अधू होती. ती कागद नाकाशी नेऊन बघत होती. आधी तिची भुवई हलली. मग तिने कागद लांब धरला, मग पुन्हा जवळ आणला. होरेनच्या टकलावर हळूहळू तीन पिसं उगवत होती. दाढीच्या वर एका बाजूला वळलेली मिशी. आणि होरेनच्या उघड्या डाव्या डोळ्यावर एक अर्धी मिटलेली पापणी.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. मग तिने तोंडावर रुमालाचा बोळा धरला, आणि तिचे खांदे हलायला लागले.

पलीकडे कोणीतरी खोकलं. ते खोकणं नव्हतं. मग चांभारांच्या बाजूने एक फुसकन हसू आलं, ते दाबलं गेलं, आणि दुसरीकडून वर आलं. नगराध्यक्ष बोलायचा थांबला. त्याने आपल्या हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला.

लुट्झने एकाच्या हातातला कागद हिसकावून घेतला. उन्हात धरला. त्याला कळायला वेळ लागला नाही. त्याने मान वर केली आणि गर्दीत मला शोधलं. मी नजर खाली घातली नाही. घालून उपयोगही नव्हता.

पण तो माझ्याकडे आला नाही. सांगितलं ना, हुशार माणूस होता. तो कास्परकडे वळला.

आमच्या कास्परला एक खोड होती आणि ती गावाला ठाऊक होती. कामाबद्दल तो खोटं बोलायचा नाही. गिऱ्हाईक पैसे काढत असलं तरी 'हा कागद नीट उठला नाही, घेऊ नका' म्हणायचा. मित्राचं काम असलं तरी 'रेघ कच्ची आहे' म्हणून मोकळा व्हायचा. त्यापायी आम्ही किती गिऱ्हाइकं गमावली ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

"तू कारागीर आहेस," लुट्झ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "कामाबद्दल खोटं बोलत नाहीस म्हणे. हा कागद बघ. या माणसाला एक डोकं आहे की दोन? खरं सांग आणि याच पायऱ्या उतरून घरी जा."

त्याने कास्परचे हात सोडले आणि कागद त्याच्या हातात दिला.

 कास्परने 'दोन' म्हटलं की डोकं मुद्दाम ठेवलं हे सिद्ध होणार, आणि सोमवारच्या फासात माझी मान जाणार. त्याच्या लेखी मी गाव विकलेली बाई होते. आणि लुट्झने विचारलं होतं तेही कामाबद्दल.

कास्पर कागद कसा बघतो ते मला माहीत होतं. आधी कडा, मग सावल्या, शेवटी चेहरा. त्याने कडा पाहिल्या. सावल्या पाहिल्या. चेहऱ्यापाशी आला आणि थांबला.  मग त्याने मान वर केली आणि मला शोधायला लागला. मी त्याला सापडले.

"दोन आहेत," तो म्हणाला.

 वाल्बुर्गामावशीने माझं मनगट घट्ट धरलं.

"ऐकलंत?" लुट्झ म्हणाला.

"एक होरेनचं आहे," कास्पर पुढे म्हणाला. आवाज अगदी साधा, दुकानात बोलावं तसा. "दुसरं कोणाचं ते तुम्ही सांगा, साहेब. तुम्ही नाव घ्या. मी बघून हो किंवा नाही म्हणतो. कामाबद्दल मी खोटं बोलत नाही."

 लुट्झला शब्द सापडला नाही, असं मी तेवढं एकदाच पाहिलं. काय बोलणार? हा गाव खाणारा खादाड म्हणजे आमचे कर्नलसाहेब, असं भर चौकात, स्वतःच्या तोंडाने?

"सांगा की साहेब!" वाल्बुर्गामावशी ओरडली. माझं मनगट तिने अजून सोडलं नव्हतं. "आम्हा अडाण्यांना कळत नाही. कोणाचं आहे?"

"नाव सांगा!" चांभारांच्या बाजूने कोणीतरी म्हणालं.

"नाव! नाव!"

लुट्झने वर सज्जाकडे पाहिलं. त्याच्याबरोबर सगळ्या गावाने वर पाहिलं. कर्नल ब्राखेलच्याही हातात एक कागद होता, आणि सज्जात ऊन भरपूर होतं. तो कागदाकडे बघत होता. मग इतक्या लोकांची नजर आपल्या कपाळावर आहे हे त्याच्या लक्षात आलं असावं. त्याचा हात आपोआप वर गेला आणि त्याने ती तीन पिसांची टोपी काढून पाठीमागे लपवली.

मग मात्र चौक फुटला. बायका एकमेकींना धरून हसत होत्या, म्हातारे डोळे पुसत होते. त्या हिवाळ्यात ग्राउबाखमध्ये कोणी हसलं नव्हतं, ते सगळं साठलेलं एकदम बाहेर आलं. चौकाच्या तोंडाशी उभे असलेले शिपाईसुद्धा हसत होते. त्यांना तरी कुठे पोटभर मिळत होतं! कर्नलच्या स्वयंपाकघरातून येणारा वास त्यांनीही रोज नुसता हुंगलेला होता. ब्राखेलला ते दिसलं. आपलेच शिपाई हसताना पाहिल्यावर गोळ्या घालायचा हुकूम द्यायचा कोणाला?

नगराध्यक्षाला काय सुचलं देव जाणे. नियमाप्रमाणे विचारायचं ते त्याने विचारून टाकलं. "कोठार उघडायला परवानगी देणाऱ्यांनी हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. मग नगराध्यक्षाने स्वतःचेही हात पाठीमागे बांधले. तेवढी हिंमत त्याच्यात होती हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

कास्परला त्यांनी पुन्हा बुरुजात नेलं आणि संध्याकाळी मलाही उचललं. पण आमच्याकडे फाशीचा एक रिवाज होता. दोर गळ्यात घालण्याआधी गुन्हा चौकात मोठ्याने वाचून दाखवायचा. आमचा गुन्हा काय, तर कर्नल ब्राखेलला खादाड दाखवला. चौकात एवढं हसू झाल्यावर तो कागद वाचायला सोमवारी कोणी तयार होईना, आणि कोणी वाचावा असं ब्राखेललाही वाटेना. दुपारी आम्हा दोघांना वेशीबाहेर ढकललं आणि परत दिसलात तर बघा म्हणून दार लावून घेतलं. पत्रा त्यांनी वितळवला. घर गेलं, लाटा गेल्या, माझं बांधलेलं गाठोडंही घरातच राहिलं.

आम्ही चालायला लागलो. चिखल होता.  गावाचा मनोरा दिसेनासा झाल्यावर कास्पर म्हणाला, "मला सांगायचं होतंस. बुरुजात."

"पहारेकरी दारात होता."

"कानात सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं. आणि मग लुट्झने तुला विचारलं असतं, काय रे, तुझ्या बायकोच्या कामात काही खोट आहे का? काय म्हणाला असतास?"

तो चालता चालता थांबला. विचार करायला लागला. खरंच विचार करत होता, माझा भाबडा नवरा, चिखलात उभा राहून.

"सांगून टाकलं असतं," तो शेवटी म्हणाला.

"मग?"

"मग काय. तू मला आणि गावाला विकलंस, असं मी इतके दिवस समजून बसलो."

"बसू दिलं मी. मेलास तरी तू मला तसंच समजून मरशील, हे मला माहीत होतं. माझ्याकडे पाठ करून बसलेला तू, रोज डोळ्यांसमोर यायचास. त्याच्याइतकं मला आयुष्यात काही जड गेलं नाही, कास्पर. तरी मी घासत राहिले. मला तूही हवा होतास आणि जवही हवा होता. एकावर भागवून घ्यायला मी तयार नव्हते."

त्याने माझा हात हातात घेतला. शाईने काळा झालेला, फोड आलेला. तो पालथा केला, उताणा केला, एखादा कागद बघावा तसा कडेपासून बघितला. मग तो हात आपल्या फुटक्या ओठांना लावून तिथेच रस्त्यात उभा राहून रडला.

वसंतात आम्ही नदीकाठच्या एका शहरात भाड्याच्या खोलीत होतो. बाजारात ग्राउबाखकडून आलेला एक मीठवाला भेटला. फौज गेली म्हणाला, बर्फ वितळल्याबरोबर, उपाशी. कास्परने त्याला शेतांचं विचारलं.

"जव वर आलाय," मीठवाला म्हणाला. "रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, वेशीपर्यंत."

"केवढा?" कास्परने विचारलं.

मीठवाल्याने खाली वाकून हाताने उंची दाखवली. कास्परचं समाधान झालं नाही. त्याने त्याला पुन्हा वाकायला लावलं.